साखरपुड्याच्या हिऱ्यातली पिवळट झाक कशी ओळखायची

माझ्या साखरपुड्यात, बेळगावजवळच्या खानापूरच्या कार्यालयाबाहेर मांडवात, बायकोच्या मावशीनं तिचा हात धरून अंगठी उजेडाकडं वळवली आणि अगदी मनापासून विचारलं, "पुष्कराज काय गं हा? गुरुवारी घातलीस न्हवं?" हिरा होता ओ तो. नव्वद सेंटचा, ओव्हल, सर्टिफिकेटवाला, व्हाइट गोल्डमध्ये बसवलेला, भोवतीनं बारीक हिऱ्यांचा घेर, आणि त्या पांढऱ्याशुभ्र घेराच्या मधोमध आमचा खडा बघावा तर लिंबू सरबताचा थेंब पडल्यासारखा. दुकानात संध्याकाळी सात वाजता बघितला तेव्हा काचेसारखा लख्ख होता. कागदावर कलर के असं स्पष्ट छापलेलं होतं, कुणी काही लपवलं नव्हतं, मलाच के म्हणजे काय ते माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागंच लागलोय. भावकीतल्या, ऑफिसातल्या पाच-सहा जणांबरोबर अंगठी घ्यायला गेलोय, मागच्या जुलैत मावसभावासाठी गेलो ते तर तीन दिवस चाललं. मी सराफ नाही, एकदा तोंड पोळलेला गिऱ्हाईक आहे, त्यामुळं पहिल्यांदाच हिरा घेणाऱ्याला दुकानात काय काय करून बघता येतं तेवढंच सांगतो.

आधी ती अक्षरं

हिऱ्याच्या कलरचं जे माप आज सगळीकडं चालतं ते अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेनं १९५० च्या दशकात बसवलं. डी पासून झेड पर्यंत, एकूण २३ अक्षरं. ए, बी, सी का नाहीत असं मीपण विचारलं होतं. त्याआधी बाजारात जो तो आपापलं ए, डबल ए, ट्रिपल ए लावायचा आणि कुणाचं कुणाला जुळायचं नाही, म्हणून त्या अक्षरांना हातच न लावता पुढच्या अक्षरापासून सुरुवात केली. डी, ई, एफ म्हणजे रंग नसलेले. जी, एच, आय, जे म्हणजे जवळपास रंग नसलेले. के, एल, एम मध्ये किंचित झाक दिसते आणि तिथून झेडकडं जाईल तशी वाढत जाते.

आता यातली मेख बघा. लॅबमध्ये हे अक्षर देतात तेव्हा खडा सुटा असतो, कोंदणात नसतो, आणि तो पालथा ठेवून बघतात, टोक वर आणि सपाट माथा, ज्याला टेबल म्हणतात, तो खाली. शेजारी आधीच ठरवलेले नमुन्याचे खडे असतात, त्यांच्याशी ताडून बघतात. असं का, तर सुलट धरला की हिरा इतका चमकतो की त्या चमकेत रंग लपतो. तुम्ही मात्र आयुष्यभर तो सुलटच बघणार, बोटात, हलताना. म्हणजे कागदावर 'जे' अक्षर असलेला खडा बोटात गेल्यावर एकदम पांढरा दिसू शकतो, आणि तोच 'जे' कलर दुसऱ्या आकारात, दुसऱ्या धातूत डोळ्यात भरू शकतो. शिवाय एक अक्षर म्हणजे एक ठिपका नव्हे, पट्टा आहे, एच च्या वरच्या टोकाचा खडा जी ला चिकटलेला असतो आणि खालच्या टोकाचा आय ला. प्रत्येक लॅबचा हातपण थोडा सैल-घट्ट असतो. म्हणून अक्षर बघायचं, पण फक्त यादी छोटी करायला, शेवटचा निकाल डोळ्यानं लावायचा.

हा पिवळेपणा येतो कुठनं? हिरा म्हणजे कार्बन, आणि त्या कार्बनच्या जाळीत कुठंकुठं नायट्रोजनचे अणू घुसलेले असतात. ते उजेडातला जांभळा-निळा भाग थोडा गिळतात, मग उरलेला उजेड आपल्याला पिवळट दिसतो. तपकिरी झाक वेगळी, ती बऱ्याचदा जमिनीच्या पोटात दाबाखाली ती जाळीच वाकल्यामुळं येते. हे सांगायचं कारण असं की अक्षर फक्त झाक किती आहे ते सांगतं, कसली आहे ते सांगत नाही. जीआयएच्या कागदावर तपकिरी असा शब्द के पासून खालच्या खड्यांनाच लिहितात. त्याच्या वरचे दोन एच शेजारी ठेवा, एक पिवळ्याकडं झुकलेला आणि एक चहाच्या पाण्याकडं, कागद मात्र दोघांचा सारखाच. सुरत-मुंबईचे व्यापारी याला बीजीएम म्हणतात, म्हणजे ब्राउन, ग्रीन, मिल्की. दुकानात गेल्यावर नुसतं "बीजीएम नाही ना?" एवढं विचारलं तरी समोरचा जरा सावरून बसतो, करून बघा.

आमच्याकडचे जुने सराफ कलर म्हणत नाहीत, पाणी म्हणतात. "पाणी बरं हाय पण जरा पिवळ्यावर जातंय" असं कुणी म्हातारा सराफ म्हणाला की समजा त्यानं तुम्हाला अख्खं सर्टिफिकेट वाचून दाखवलं.

पायरी १ : दुकानात जायच्या आधी घरी ठरवा

धातू, आकार, साईज. हे तीन ठरल्याशिवाय कलर ठरवताच येत नाही, आणि लोक नेमकं उलटं करतात, कुणीतरी सांगितलेलं असतं डी-ई-एफच घे म्हणून, तेच धरून बसतात.

पिवळ्या सोन्यात बसवणार असाल तर डी घेणं म्हणजे पैसे पंचगंगेत सोडणं. खडा धरून ठेवणारे सोन्याचे पंजे आणि खालची बैठक खड्यात आरशासारखी उमटते, पांढऱ्यातला पांढरा खडापण तिथं थोडा पिवळा दिसतोच, आणि उलट आय-जे-के चे खडे तिथं खपून जातात. बरं, आपल्याकडं बायका अंगठीशेजारी काय घालतात? पाटल्या, बांगड्या, सगळं पिवळंच. त्यामुळं आपल्या भागात पिवळं सोनं घेऊन अक्षरात दोन-तीन पायऱ्या खाली उतरणं हा सगळ्यात शहाणा सौदा आहे असं माझं मत.

प्लॅटिनम किंवा व्हाइट गोल्ड असेल तर मात्र सांभाळून. शेजारी पांढरा धातू आला की झाक उठून दिसते. व्हाइट गोल्डवर ऱ्होडियम नावाच्या पांढऱ्या धातूचा मुलामा असतो, तो वापरून वापरून जातो आणि खालचं सोनं जरा पिवळट दिसायला लागतं, तेव्हा लोक म्हणतात हिरा पिवळा पडला. हिरा आहे तसाच असतो, मुलामा परत मारून घ्यायचा.

आकाराचं असं की गोल ब्रिलियंट झाक सगळ्यात जास्त लपवतो. ओव्हल (लांबट गोल), पेअर (थेंबासारखा), मार्क्विज (दोन्हीकडं टोकदार) यांच्या टोकांना रंग गोळा झाल्यासारखा दिसतो, कुशन आणि रेडियंट या चौकोनी आकारांतपण तो दाट वाटतो, आणि एमराल्ड कट, म्हणजे पायऱ्या पाडलेला लांबट चौकोन, तो खिडकीच्या काचेसारखा, आत काय आहे ते सरळ दाखवतो. गोलमध्ये आय चालत असेल तर ओव्हलमध्ये एच किंवा जी बघा. साईज वाढली की झाकपण वाढते, तीस सेंटच्या खड्यात 'जे' कलर कुणाच्या बापाला कळणार नाही, दीड कॅरेटमध्ये तोच 'जे' मावशीला पुष्कराज वाटेल. (एक कॅरेट म्हणजे १०० सेंट, म्हणजे २०० मिलिग्रॅम, हे पाठ करून जा, दुकानात सेंटमध्येच बोलतात.)

आणि मधल्या खड्याभोवती घेर किंवा बाजूला छोटे खडे असतील तर त्या बारीक खड्यांचा कलर विचारा. मी हेच विचारलं नव्हतं. घेराचे खडे मधल्यापेक्षा पांढरे असले की मधला एकटा पडतो, तो एकटा ठेवला असता तर कदाचित मावशी काही बोललीपण नसती.

पायरी २ : वेळ आणि उजेड

संध्याकाळी जाऊ नका. हे एवढं एकच लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं. सराफाच्या दुकानात वरनं जे बारीक स्पॉटलाइट सोडलेले असतात ते हिरा चमकावा म्हणूनच असतात, त्यात काही पाप नाही, मिठाईवालापण कुंद्यावर लाइट मारतोच की. पण त्या लाइटखाली के सुद्धा ई सारखा दिसतो.

थेट उन्हातपण नको, उन्हात नुसती आग दिसते, रंग दिसत नाही. हवा तो सावलीतला दिवसाचा उजेड, उत्तरेकडच्या खिडकीचा असेल तर सगळ्यात उत्तम. आणि इथं आपलं बेळगाव कामाला येतं बघा. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं, दिवसभर तोच सपाट राखाडी उजेड, दहा वाजता बघा नाहीतर तीन वाजता बघा. एरवी पावसाला शिव्या घालणारे आम्ही, मावसभावाच्या वेळी मुद्दाम जुलै धरला.

दुकानदार खडा घेऊन रस्त्यावर येणार नाही आणि त्यानं येऊपण नये. "उंबऱ्यापर्यंत ट्रे आणा की, मी हात लावत नाही, चिमट्यानं तुम्हीच धरा" असं म्हटलं की बहुतेक जण तयार होतात. शहापुरातल्या आणि खडेबाजारातल्या जुन्या दुकानांना रस्त्याकडं तोंड असतं, तिथं हे सोपं जातं. मोठ्या एसी शोरूममध्ये काचेच्या दाराजवळ चला म्हणायचं. दोन्हीकडं नाही म्हणाले तर मी तरी तिथनं उठतो.

कपडे पांढरे किंवा करडे घालून जा. हसू नका, पिवळा शर्ट घातला तर तो खड्यात दिसतो. आणि हिरा बघायच्या आधी तासभर सोन्याच्या हारांचे ट्रे बघत बसू नका, डोळा पिवळ्याला सरावतो आणि मग झाक असलेला खडापण पांढरा वाटतो. घरची मंडळी बरोबर असली की हे होणारच, म्हणून त्यांना बांगड्यांच्या काउंटरला बसवा आणि तुम्ही सरळ हिऱ्याकडं.

पायरी ३ : कागदाची घडी

एक कोरा पांढरा कागद घरनं न्या. मधोमध घडी घालून व्ही सारखा उभा करा, खोबणीसारखा. त्यात सुटा खडा पालथा ठेवा, टेबल एका बाजूला टेकलेलं आणि टोक तुमच्याकडं. आता वरनं न बघता बाजूनं, खड्याच्या कमरेच्या पातळीवरनं, म्हणजे ज्याला ते गर्डल म्हणतात तिथनं आरपार बघा. चमक मेलेली असते, रंग तेवढा उरतो.

आम्ही बसलो होतो ती जागा अजून डोळ्यासमोर आहे. दुकानाच्या दारातलं स्टूल, बाहेर बारीक पाऊस, पन्हाळीचं पाणी ठिबकतंय, स्टुलावर माझा कागद आणि त्यात तीन खडे ओळीनं. पहिल्या मिनिटाला तिन्ही सारखे. भाऊ म्हणाला, काय सारखेच आहेत की, स्वस्तातला घेऊया. मी म्हटलं थांब. डोळे मिटून परत उघडले, आणि मग हळूहळू मधल्याच्या कडेला फिक्कट ताकातल्या लोण्यासारखा रंग उतरायला लागला. एकदा दिसला की मग तो जातच नाही, तिथून पुढं दिसतच राहतो.

दुसरी युक्ती श्वासाची. खड्यावर तोंडानं हाऽ करून वाफ सोडा, क्षणभर धुकं बसतं आणि चमक पूर्ण बंद होते. तेवढ्या क्षणात जो रंग दिसतो तो खरा. हिऱ्यावरची वाफ लगेच उडते, त्यामुळं दोन-तीनदा करावं लागतं. सेल्समन जरा विचित्र बघतो, बघू दे.

आणि एक, हे मला एका म्हाताऱ्या सराफानंच सांगितलं. हिरा ज्या पुडीत येतो ती उघडली की आतला पातळ कागद बऱ्याचदा किंचित निळसर असतो. निळ्यावर ठेवला की पिवळा दबतो, आपली आजी पांढऱ्या धोतराला नीळ घालायची त्यातलाच प्रकार. म्हणून पुडीत ठेवूनच बघायला लावत असतील तर म्हणायचं, या माझ्या कागदावर ठेवा. बोटांच्या चिमटीतपण धरून बघू नका, कातडीचा रंग खड्यात उतरतो.

पायरी ४ : एकटा खडा कधीच बघू नका

झाक ही तुलनेतच दिसते. एकच खडा हातात दिला तर तज्ञसुद्धा अडखळेल, तुम्ही-आम्ही कुठं. कमीत कमी तीन मागा, एकच साईज, एकच आकार, पण अक्षरं वेगळी, समजा जी, आय आणि के. बेळगावात प्रत्येक दुकानात एवढे सुटे खडे नसतात हे खरं आहे, पण दुकानदार मुंबईहून किंवा सुरतेहून जांगडवर मागवू शकतो, म्हणजे बघायला आणायचे, पसंत पडला तो ठेवायचा, बाकीचे परत. चार-आठ दिवस लागतात. साखरपुड्याची तारीख आठवड्यावर आली असताना गेलात तर हे कुणी करणार नाही, तेव्हा महिनाभर आधी लागा. निपाणी-चिकोडीकडचे बरेच जण सरळ कोल्हापूरच्या गुजरीत जातात, तेही चांगलंच, फक्त तिथंपण दुपारच्या आत पोचा.

खडे आले की हा खेळ करा. सर्टिफिकेटं बाजूला ठेवायला सांगा, सेल्समनला म्हणावं तुम्ही उलटेपालटे करा, कुठला कुठला ते मला सांगू नका. मग तुम्ही पांढरा ते पिवळा अशी ओळ लावा. परत मिसळा, परत लावा. तिसऱ्यांदा. आधी पालथे, मग सुलट. ज्या दोन खड्यांमधला फरक तुम्हाला तिन्ही वेळा सुलट ओळखता येत नाही, त्यातला वरच्या अक्षराचा घेण्यात तुमच्यासाठी काही अर्थ नाही, त्या अक्षराचे जास्तीचे पैसे तुमच्या खिशात राहू देत. हे दुकानदाराला फारसं आवडत नाही पण मजा येते सगळ्यांनाच. आमच्या वेळी चहा आणून देणारा पोरगा मागं उभा राहून बघत होता, आम्ही दोघं जी का आय म्हणून वाद घालतोय तोवर तो हळूच बोलला, "नडूविंदु स्वल्प हळदी ऐत्री." मधला जरा पिवळा आहे म्हणे. बरोबर होतं त्याचं. मालकानं डोळे वटारले, आम्ही हसलो.

होणाऱ्या नवरीलापण हा खेळ खेळायला लावा. डोळे माणसागणिक वेगळे असतात, मला दिसत नाही ती झाक माझ्या बायकोला खोलीच्या त्या टोकावरनं दिसते. अंगठी ती घालणार, तिच्या डोळ्याला जे खटकत नाही ते घ्या. सरप्राइज द्यायचं असेल तर तिच्या बहिणीला तरी घेऊन जा.

पायरी ५ : सुलट, धातूवर, बोटावर

पालथं बघून रंग कळला, आता तो खपतो का ते बघायचं. ज्या धातूची अंगठी करणार त्याच धातूची कुठलीतरी रिकामी किंवा दुसऱ्या खड्याची अंगठी घ्या आणि सुटा खडा चिमट्यानं त्यावर धरा. बोट सावलीत न्या, हातभर लांबून बघा, मग वीतभर. मग ट्यूबलाइटखाली जा. ओव्हल असेल तर दोन्ही टोकं नीट बघा, मधला भाग पांढरा आणि टोकं पिवळी असं हमखास असतं. मावसभावाचा गोल होता, साठ सेंट, पिवळ्या सोन्यात, तिथं जी आणि आय मध्ये सुलट काही फरकच दिसेना, त्यानं आय घेतला आणि उरलेल्या पैशातून साईज थोडी वाढवली.

माझं मन विचाराल तर थोडी उबदार पिवळी झाक मला वाईट वाटत नाही. जुन्या घरातल्या कुड्यांचे हिरे बघा, त्यात एक ऊब असते. तपकिरी किंवा करडी झाक मात्र मला नको वाटते, खडा धुतला नाही असं वाटत राहतं. आणि मिल्की, म्हणजे आत दूध मिसळल्यासारखा धुरकट, तो कुठल्याही अक्षराचा असो, फुकट दिला तरी नको.

फ्लोरोसन्स या शब्दाला घाबरू नका

सर्टिफिकेटवर एक ओळ असते फ्लोरोसन्सची. नन, फेंट, मीडियम, स्ट्राँग, व्हेरी स्ट्राँग. काही हिरे अतिनील किरणांखाली चमकतात, आणि चमकणाऱ्यांपैकी बहुतेक निळे चमकतात. आपल्या उन्हात अतिनील किरण असतातच, त्यामुळं तो निळा पिवळ्याला थोडा मारतो. जीआयएनं १९९७ मध्ये यावर अभ्यास छापला होता, त्यात सर्वसाधारण माणसांना चमकणाऱ्या-न चमकणाऱ्यात पद्धतशीर फरक दिसला नाही, सरावलेल्या डोळ्यांना तर खडा सुलट धरल्यावर जोरदार निळ्या चमकेचे खडे जरा चांगलेच वाटले. बाजारात मात्र स्ट्राँगचा भाव पडतो. म्हणजे आय-जे-के मध्ये मीडियम किंवा स्ट्राँग निळा मिळाला तर तो फायद्याचा सौदा होऊ शकतो, फक्त दोन गोष्टी तपासा, दिवसाच्या उजेडात धुरकट किंवा तेलकट दिसत नाही ना, आणि घरात एलईडीखाली किती पिवळा दिसतो. कारण बहुतेक घरगुती एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतात, तिथं निळ्याची मदत मिळत नाही.

लॅबमधला हिरा असेल तर

आता बरेच जण लॅब ग्रोनच घेतात, किंमत खूप कमी, आणि डी-ई-एफ सहज मिळतात, मग झाकेचं काय बघायचं असं वाटतं. बघायचं. लॅबमध्ये हिरा दोन पद्धतीनं वाढवतात. सीव्हीडी, म्हणजे वायूतून थर चढवत, यात तपकिरी किंवा करडी झाक राहू शकते, म्हणून पुष्कळदा नंतर उष्णता-दाब देऊन ती काढतात. एचपीएचटी, म्हणजे सुरुवातीपासूनच प्रचंड दाबात, यात बोरॉनमुळं निळसर झाक येऊ शकते. ई कलरचा निळसर खडा व्हाइट गोल्डमध्ये थंड, ट्यूबलाइटसारखा दिसतो, काहींना आवडतो. सर्टिफिकेटच्या शेवटी कॉमेंटमध्ये कुठली पद्धत आणि नंतर प्रक्रिया केली का ते लिहिलेलं असतं, ते वाचा. कागदाची घडी, श्वास, तीन खडे, सगळं तसंच करायचं. आणखी एक, जीआयएनं २०२५ पासून लॅबच्या खड्यांना डी ते झेड अक्षरं देणं बंद करून प्रीमियम आणि स्टँडर्ड असे दोनच गट केलेत, त्यामुळं तिथं तर डोळ्यावरच भिस्त.

व्हॉट्सॲपवरचा फोटो

नको. मोबाइलचा कॅमेरा पांढऱ्याला पांढरं करायला आपोआप रंग फिरवतो, त्यातच झाक धुवून जाते. ऑनलाइनचे गोल फिरणारे व्हिडिओपण स्वच्छ पांढऱ्या पार्श्वभूमीवर घेतलेले असतात. अगदीच लांबनं घ्यायचं असेल तर सांगा, पांढऱ्या कागदावर, खिडकीजवळ, शेजारी एक जी कलरचा खडा ठेवून एकाच व्हिडिओत दोन्ही पालथे दाखवा. शेजारी दुसरा असला की कॅमेऱ्याला दोघांना वेगवेगळं गोड दाखवता येत नाही. आणि परत करायची सोय लेखी घ्या.

बिल

खड्याच्या गर्डलवर बऱ्याचदा लेझरनं सर्टिफिकेटचा नंबर कोरलेला असतो, दहापट भिंगातून दिसतो, तो कागदाशी जुळवा, आणि अंगठी बनून आल्यावर परत जुळवा. बसवलेल्या खड्याचा कलर नीट ठरवता येत नाही, म्हणून जे काय बघायचं ते सुटं असताना. बिलावर नैसर्गिक की लॅबमधला, वजन सेंटमध्ये, कलर, क्लॅरिटी (म्हणजे आतली स्वच्छता), सर्टिफिकेट नंबर, घडणावळ वेगळी. सोन्याला एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा अक्षरं-आकडे मिळून सहा जागांचा नंबर, १८ कॅरेट असेल तर ७५० चा शिक्का, बीआयएस केअर ॲपवर नंबर टाकून बघता येतो, १ एप्रिल २०२३ पासून थोडे अपवाद सोडले तर हा नंबर असल्याशिवाय नवा दागिना विकता येत नाही. आमच्याकडं बोलणं मराठीत, पाटी कन्नडात, बिल इंग्रजीत असतं, त्यामुळं "ते सगळं येतं त्यात" असं तोंडी सांगितलं तरी बिलावर बोट ठेवून दाखवा म्हणायचं.

घरी आल्यावर

मावसभावाचं लग्न डिसेंबरात झालं. हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन, आवाज रडवेला, "दादा, तुझा तो आय पिवळाधमक झालाय, के पण नाही, पार झेड." मी गेलो बघायला. वहिनीनं अंगठी न काढताच हळद लावून घेतली होती, आणि हळद तेलात कालवलेली. हिऱ्याला तेलाचं भारी प्रेम, पूर्वी खाणीत खडी ग्रीस लावलेल्या पट्ट्यावरनं सोडायचे आणि हिरे तेवढे चिकटून राहायचे. तर खड्याच्या पोटाखाली, पंजांच्या आतल्या बाजूला हळद-तेलाचा नुसता थर. वाटीत कोमट पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, दहा मिनिटं भिजत ठेवलं, मग जुन्या मऊ टूथब्रशनं खालच्या बाजूनं हळूहळू घासलं (बेसिनमध्ये नाही, वाटीतच, पंजा सैल असेल तर खडा गटारात जातो). पाणी पिवळं झालं, दुसरं घेतलं, तेही पिवळं, तिसरं स्वच्छ राहिलं. पुसून खिडकीत धरली. मामी मागनं म्हणाल्या, "आता कुठला आला, डी?" आय च होता.